गप्प बसणारं मूल: बालकुपोषणाचे शरीरावर, मेंदूवर आणि पुढच्या आयुष्यावर होणारे परिणाम

ओंजळ

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बरगड्या मोजता येतील असं, हातापायाच्या काड्या झालेलं मूल येतं. तशी मुलं आहेत आणि त्यांचा जीव खरोखर धोक्यात असतो. पण हा धागा मी मुख्यतः दुसऱ्या एका मुलासाठी काढते आहे. ते हडकुळं दिसत नाही, वयाच्या मानाने बुटकं मात्र आहे. फारसं रडत नाही. एका जागी बसवलं की तिथेच बसून राहतं. "गुणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही," असं त्याचं कौतुकही होतं. मुलांच्या वाढीच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर आता मला आरडाओरडा करणाऱ्या मुलापेक्षा या गुणी बाळाची जास्त काळजी वाटते.

आधी मोजमापाचं थोडं. वयाच्या मानाने उंची फार कमी असेल तर मुलाची वाढ खुंटलेली आहे, म्हणजे उपासमार किंवा आजारपण बराच काळ चाललेलं आहे. उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर मूल अलीकडे झपाट्याने रोडावलेलं आहे. वयाच्या मानाने वजन या तिसऱ्या मापात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या एकत्रित अंदाजानुसार २०२२ साली जगात ५ वर्षांखालची सुमारे १४ कोटी ८१ लाख मुलं खुंटलेली होती आणि सुमारे साडेचार कोटी रोडावलेली. म्हणजे ज्या मुलाचं छायाचित्र आपण पाहतो, त्याच्या तिपटीहून जास्त मुलं अशी आहेत ज्यांचं छायाचित्र कुणी काढत नाही, कारण त्यांच्याकडे पाहून काही खुपत नाही.

मूल गप्प का बसतं? घरात पैसा कमी पडायला लागला की आधी हौसमौज बंद होते, मग डागडुजी पुढे ढकलली जाते आणि रोजची चूल शेवटपर्यंत पेटती ठेवली जाते. शरीर तसंच करतं. ऊर्जा अपुरी पडली की आधी हालचाल आणि खेळ कमी होतो, मग हाडांची वाढ मंदावते, मग रोगप्रतिकारशक्ती ढासळते. हृदय, श्वास आणि मेंदूचं मूलभूत काम शेवटपर्यंत चालू राहतं. पण दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत खेळ ही हौस नाही. भांडी वाजवणं, हातातली वस्तू पुन्हा पुन्हा खाली टाकणं, माणसांच्या मागे रांगत जाणं यातूनच त्याचा मेंदू घडतो. शिवाय जे मूल काही मागत नाही, त्याच्याशी मोठी माणसंही कमी बोलतात. भुकेमुळे मूल शांत होतं आणि शांत झाल्यामुळे त्याच्या वाट्याला बोलणं आणि खेळणंही कमी येतं. अन्नाच्या तुटवड्यावर हा दुसरा तुटवडा चढतो.

जन्माच्या वेळी मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असतं. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं. पेशींमधल्या जोडण्या, त्यांच्यावरचं मायेलिनचं आवरण, ऐकण्या-बघण्याचे आणि भाषेचे मार्ग, यातलं बरंच काम या काळात होतं. त्यासाठी ऊर्जा, प्रथिनं, लोह, आयोडीन, जस्त आणि विशिष्ट स्निग्धाम्लं वेळेवर मिळावी लागतात. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या १००० दिवसांवर सगळे एवढा जोर देतात तो म्हणूनच.

प्रश्न, अनुभव, मतभेद सगळं लिहा. विषय मोठा आहे.

आकडेमोड

धागा महत्त्वाचा आहे, पण एक शंका. उंची तर आनुवंशिक असते ना? आईवडील बुटके असतील तर मूलही बुटकंच होणार. मग जगातल्या सगळ्या मुलांना एकच फूटपट्टी लावून एवढ्या कोटी मुलांना "खुंटलेली" ठरवणं योग्य आहे का?

ओंजळ

आकडेमोड, ही शंका शास्त्रज्ञांनाही होती आणि तिचं उत्तर शोधायला त्यांनी बरीच वर्षं खर्च केली. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापं घेतली. मुलं मुद्दाम अशी निवडली की त्यांच्या वाढीच्या आड काही येऊ नये: स्तनपान झालेलं, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती बरी, उपचार वेळेवर मिळणारे. या सहा ठिकाणच्या मुलांची पहिल्या ५ वर्षांतली उंची जवळजवळ सारखी निघाली. २००६ साली आलेले वाढीचे आलेख याच मुलांवर आधारलेले आहेत.

एकेका मुलाच्या उंचीत आनुवंशिकतेचा वाटा असतोच, तो कुणी नाकारत नाही. निरोगी मुलांमध्येही काही थोडी मुलं आलेखाच्या तळाशी असणारच. पण एखाद्या समाजातली तिसरा हिस्सा मुलं तळाच्या रेषेखाली असतील तर त्याचं स्पष्टीकरण आनुवंशिकता देऊ शकत नाही. आणि आईवडील बुटके आहेत म्हणताना ते का बुटके राहिले हेही विचारायला हवं. लहानपणी खुंटलेल्या मुलीची उंची आणि गर्भाशय दोन्ही लहान राहू शकतात. तिला अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता वाढते, ते बाळ मुळातच मागून सुरुवात करतं आणि आपण म्हणतो की यांच्या घरात सगळे असेच.

एकट्या मापावरून निष्कर्ष काढू नये, हे मात्र खरं. आलेखावरची मुलाची रेष कुठे चालली आहे ते बघायचं. खालच्या पट्ट्यात असूनही रेष स्वतःच्या वाटेने वर जात असेल तर बहुधा चिंता नाही. वरच्या पट्ट्यातली रेष आडवी झाली असेल तर ती धोक्याची घंटा आहे, मग मूल दिसायला कितीही छान असो.

पाटीवरची अक्षरे

मी प्राथमिक शाळेत शिकवते. तुमचं "गुणी बाळ" माझ्या वर्गात येतं तेव्हा सहा-सात वर्षांचं झालेलं असतं. ते खोडकर नसतं. फळ्यावरचं अर्धं वाक्य उतरवून होतं आणि त्याची नजर खिडकीबाहेर जाते. तीन सूचना एकदम दिल्या तर पहिली लक्षात राहते. दुपारनंतर डोकं बाकावर. पालकसभेत अशा मुलांसाठी "आळशी" हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की मला त्रास होतो.

माझा प्रश्न असा, की लहानपणी कुपोषित असलेलं पण आता वजन-उंची बरी असलेलं मूलही असं असू शकतं का?

ओंजळ

असू शकतं. बार्बाडोसमध्ये जॅनिना गॅलर यांच्या गटाने अशाच मुलांचा दशकानुदशकं पाठपुरावा केला आहे. पहिल्या वर्षात तीव्र कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल झालेली, उपचार होऊन बरी झालेली आणि पुढे चांगली देखरेख मिळालेली ही मुलं. शारीरिक वाढ त्यांनी बऱ्याच अंशी भरून काढली. लक्ष टिकवण्याच्या अडचणी मात्र शाळेत दिसल्या आणि प्रौढपणीही दिसत राहिल्या. म्हणून आळशी हा शब्द मलाही सहन होत नाही. ज्या काळात लक्ष एकाग्र करणारी यंत्रणा उभी राहते, त्याच काळात या मुलांना पुरेसं साहित्य मिळालेलं नसतं.

अर्थात वर्गात पेंगणाऱ्या प्रत्येक मुलामागे कुपोषण नसतं. नजर, कान, झोप, घरातला ताण, रक्तक्षय हे सगळं तपासावं लागतं. पण तपासावं. शिक्का मारून मोकळं होऊ नये.

रातपाळी

तीव्र कुपोषित मुलांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम केलं आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाबद्दल लिहिते. लोकांच्या चांगल्या हेतूमुळेच तिथे मुलांचा जीव धोक्यात आलेला मी पाहिला आहे.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन अगदी तळाच्या रेषेखाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा राहणारी सूज असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित. यातली सूज फार फसवी असते. चेहरा गोल, पाय भरलेले, त्यामुळे मूल बाळसेदार वाटतं. प्रत्यक्षात ते पाणी असतं आणि ते मूल कदाचित हाडं दिसणाऱ्या मुलापेक्षा जास्त आजारी असतं. केस विरळ, रंग उतरलेला, कातडी सोलवटलेली आणि कमालीचा चिडचिडेपणा. हात लावला तरी कळवळतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ साली आफ्रिकेत काम करताना या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. ही सूज केवळ प्रथिनं कमी पडल्याने येते असं बरीच वर्षं मानलं जायचं, पण चित्र त्याहून गुंतागुंतीचं आहे. मलावीमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकाच घरात, एकाच अन्नावर वाढणाऱ्या दोघांपैकी एकालाच हा आजार झालेला दिसला, आणि आतड्यातल्या जिवाणूंचाही त्यात हात असल्याचे पुरावे २०१३ साली पुढे आले.

असं मूल दाखल झालं की आजी-आजोबा, शेजारी, सगळे म्हणतात, "आता भरपूर खाऊ घाला." पहिल्या दिवसांत नेमकं तेच करायचं नसतं. उपाशी शरीराने स्वतःला आखडून घेतलेलं असतं. हृदय अशक्त, मूत्रपिंड मंद, पेशींमधलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम संपत आलेलं. अशात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं एफ-७५ नावाचं दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, प्रथिनं कमी. मूल स्थिरावलं, भूक परतली, सूज ओसरायला लागली की मग १०० किलोकॅलरीचं एफ-१०० किंवा तयार उपचारात्मक आहार.

रात्रीचं दूध चुकवायचं नाही हे नव्या मुलींना मी पुन्हा पुन्हा सांगते. या मुलांची साखर झोपेत उतरते, अंग गार पडतं आणि पहाटे मूल हाती लागत नाही. त्यांना ताप येत नाही म्हणून संसर्ग नाही असंही समजायचं नाही. ताप आणायला लागणारी ताकदच त्यांच्यात नसते, म्हणून दाखल झाल्यावर प्रतिजैविकं सुरू करतात. आणि रक्त कमी आहे म्हणून लगेच लोह द्यायचं नाही. संसर्ग चालू असताना ते बाधतं. वजन वाढायला लागल्यावर द्यायचं.

मूल खरंच बरं होतंय हे मला वजनकाट्याच्या आधी कशावरून कळतं सांगू? ते हसतं. तोवर आठवडाभर त्या चेहऱ्यावर काहीच नसतं.

मृदुला_न

रातपाळी ताई, वाचताना अंगावर काटा आला. हे सगळं रुग्णालयातच करावं लागतं का? आईला बाकीची मुलं, घर, मजुरी सोडून इतके दिवस राहणं कसं जमणार?

रातपाळी

मृदुला, तोच मोठा अडसर होता आणि तो बऱ्याच अंशी सुटला आहे. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान या फ्रेंच जोडीने शेंगदाण्याची पेस्ट, दूधपावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्व-खनिजं यांचं मिश्रण तयार केलं. त्यात पाणी नाही, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवावं लागत नाही, फ्रीज लागत नाही, मूल पाकिटातून थेट खातं. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरी ठेवून उपचार करण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. आता मूल तीव्र कुपोषित असलं, पण भूक शाबूत असेल, सूज फार नसेल आणि दुसरा गंभीर आजार नसेल, तर दर आठवड्याला तपासणी आणि बाकी उपचार घरी. भूक आहे की नाही हे समोर बसवून, खाऊ घालून बघतात. जे मूल खात नाही, ते दाखल करायचं.

हे औषध म्हणून आहे, रोजच्या घरच्या जेवणाला पर्याय म्हणून नाही, एवढं लक्षात असावं.

निरंजन७

सगळी चर्चा अन्नावर चालली आहे. माझ्या मते मूळ प्रश्न स्वच्छतेचा आहे. जुलाब झालेल्या मुलाला कितीही खाऊ घाला, ते वाहूनच जाणार. पाणी आणि शौचालयं द्या, मुलं आपोआप वाढतील.

ओंजळ

निरंजन, अर्धी गोष्ट तुम्ही अगदी बरोबर सांगितलीत. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना पोसतात, हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ सालीच मांडलं होतं. आजारात भूक मरते, तापात ऊर्जा जास्त जळते, जुलाबात जस्त आणि इतर घटक निघून जातात. उलट बाजूने कुपोषणामुळे छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, आतड्याचं अस्तर झिजतं, त्यामुळे पुढचा संसर्ग सहज होतो. ५ वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो असं म्हणतात ते याच अर्थाने. दाखल्यावर न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिलेलं असतं. चांगलं पोसलेलं मूल त्याच न्यूमोनियातून बहुतेक वेळा उठून बसतं.

पण "आपोआप वाढतील" याची मोठी परीक्षा झाली आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो कुटुंबांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. शौचालय, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन, हे सगळं दिलं. त्याने मुलांची उंची वाढली नाही. आहाराचा सल्ला आणि पूरक पोषण दिलं तिथे थोडी वाढली. माझ्यासारख्या अनेकांना त्या निकालांनी विचारात पाडलं. स्वच्छता निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. रांगतं मूल ज्या जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं, ती जमीन एवढ्याशा सोयींनी स्वच्छ होत नाही. घरापर्यंत खात्रीचं पाणी आणि सांडपाण्याची खरी व्यवस्था लागते. एकेक गोष्ट सुटी देऊन चालत नाही, एवढं त्यातून नक्की कळलं.

निरंजन७

हे माहीत नव्हतं. मुद्दा पटला. तरी आजारपणानंतर काय करायचं हे सांगाल का? तेव्हाच मुलं खंगतात.

रातपाळी

मी सांगते. जुलाबात अंगावरचं दूध आणि खाणं बंद करायचं नाही. जलसंजीवनी द्यायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्त, १० ते १४ दिवस. ६ महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. या दोन आठवड्यांत भूक दणकून लागते आणि गेलेलं वजन भरून निघतं. ही संधी घालवली आणि तोवर पुढचं आजारपण आलं, तर मूल दर वेळी एक पायरी खाली उतरत जातं. तीव्र कुपोषित मुलाला मात्र नेहमीची जलसंजीवनी स्वतःच्या मनाने देऊ नका. त्याच्यासाठी सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं वेगळं मिश्रण असतं.

दोन मुलांची आई

माझ्या धाकट्याचं वजन-उंची अगदी नीट आहे, तरी तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी लोह सुरू केलंय. पोटभर खाणाऱ्या मुलालाही कुपोषण असू शकतं हे मला पहिल्यांदाच कळलं. हे गंभीर आहे का?

ओंजळ

उपचार सुरू केलेत हे फार चांगलं झालं, ते पूर्ण करा. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण ४ ते ६ महिने पुरतो. म्हणून जन्मानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबायला सांगतात, तेवढ्यात नाळेतलं रक्त बाळाकडे जातं आणि साठा वाढतो. त्यानंतर वरच्या अन्नातून लोह मिळालं नाही तर रक्त कमी होतंच, शिवाय मेंदूलाही झळ बसते. कोस्टारिकामध्ये बेट्सी लोझॉफ यांनी लहानपणी दीर्घकाळ लोह कमी असलेल्या बाळांना उपचारांनंतरही १९ व्या वर्षापर्यंत तपासलं. रक्त सुधारलं होतं, पण बौद्धिक चाचण्यांमधली तफावत राहिली, आणि घरची परिस्थिती हलाखीची होती तिथे ती वाढत गेली. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्याकडे ते वेळेत सापडलंय. वजनकाटा लोहाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून तपासणी हवी.

आयोडीनचं तसंच. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच त्याची कमतरता झाली तर बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं आणि ते परत भरून येत नाही. आणि अ जीवनसत्त्व. आल्फ्रेड सॉमर हे नेत्रतज्ज्ञ इंडोनेशियात मुलांचे डोळे तपासत होते. रातांधळेपणा असलेली मुलं पुढच्या भेटीपर्यंत जिवंत राहण्याचं प्रमाणच कमी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८६ मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत मोठ्या मात्रा दिलेल्या गावांमध्ये बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. डोळ्यांचा म्हणून समजलेला प्रश्न जगण्या-मरण्याचा निघाला.

सायली_म

माझे वडील अत्यंत गरिबीत वाढले. लहानपणी कित्येक रात्री उपाशी काढल्याचं ते सांगतात. पुढे शिकले, कमावले, आता व्यवस्थित खातात. आणि आता मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास, सगळं एकदम. त्यांच्याबरोबरच्या सुखवस्तू घरातल्या मित्रांना नाही. ते म्हणतात, "जन्मभर कमी खाल्लं, मग मलाच का?" याचा लहानपणाशी संबंध असेल का?

ओंजळ

सायली, एका माणसाच्या बाबतीत ठामपणे सांगता येत नाही. पण मोठ्या संख्येने माणसं पाहिली तर संबंध स्पष्ट दिसतो.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून बाळांची जन्माच्या वेळची आणि एक वर्षाची वजनं वह्यांमध्ये काटेकोरपणे लिहून ठेवलेली होती. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. त्यांनी ती बाळं पुढे कशाने वारली याचा माग काढला आणि १९८९ मध्ये दाखवून दिलं की एक वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वात कमी होतं, त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात जास्त होते. तोवर हृदयविकार हा सुबत्तेचा आजार मानला जात होता.

दुसरा पुरावा जास्त हेलावणारा आहे. नोव्हेंबर १९४४ ते मे १९४५ या काळात नाझी सैन्याने केलेल्या कोंडीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. माणशी रोजचं रेशन १००० किलोकॅलरीच्या खाली, कधी ४०० पर्यंत आलं. आधी आणि नंतर अन्न बरं होतं, त्यामुळे गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यात उपासमार झाली हे नेमकं सांगता येतं. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच ज्यांच्या आया उपाशी होत्या, ती बाळं जन्मली तेव्हा त्यांचं वजन साधारण नेहमीसारखं होतं. बघून काहीच कळलं नसतं. पन्नाशीत मात्र त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

कारण असं मानलं जातं की टंचाईत वाढणारं शरीर टंचाईसाठीच घडतं. स्वादुपिंडातल्या पेशी, मूत्रपिंडातली गाळणयंत्रं, स्नायू यांत काटकसर होते. पुढे मुबलक अन्न मिळालं की ते कमी क्षमतेच्या अवयवांवर येऊन पडतं आणि चरबी लवकर साठते. वडिलांना सांगा की त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही. औषधं, चालणं आणि नियमित तपासण्या मात्र त्यांना इतरांपेक्षा जास्त गरजेच्या आहेत.

सायली_म

त्यांना वाचून दाखवलं. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आईला हे कळायला नको होतं, बरं झालं." मनापासून आभार.

पाटीवरची अक्षरे

ओंजळताई, हे सगळं वाचून एकच विचारावंसं वाटतं. २ वर्षं उलटली की दार बंद होतं का? मग माझ्या वर्गात बसलेल्या मुलांसाठी मी काय करायचं?

ओंजळ

दार अरुंद होतं, बंद होत नाही. १००० दिवसांचा जोर कधीकधी अशा सुरात लावला जातो की मोठ्या मुलांवरची मेहनत वाया आहे असं वाटावं. ते मला अजिबात मान्य नाही.

आधी वेळेचं महत्त्व दाखवणारा पुरावा. ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ दरम्यान मुलांना पेय दिलं गेलं, दोन गावांत प्रथिनं आणि ऊर्जा असलेलं, दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. पौष्टिक पेय पहिल्या २ वर्षांत मिळालेले मुलगे मोठे झाल्यावर त्यांची ताशी कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. ३ वर्षांनंतर मिळालेल्यांमध्ये तो फरक दिसला नाही. मुलींच्या कमाईत फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. त्या शिकल्या जास्त, पण त्या शिक्षणाला काम मिळायला हवं होतं.

आता दुसरा, जो मी प्रत्येकाला सांगत असते. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिन्यांची १२९ खुंटलेली मुलं निवडली. काहींना दूध-पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक प्रशिक्षित बाई जायची आणि आईला मुलाशी बोलायला, घरच्याच वस्तूंनी खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे २ वर्षं चाललं. २० वर्षांनी, खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि ते न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला आले. नुसता आहार मिळालेल्यांमध्ये तो दूरगामी लाभ टिकला नाही.

अन्न नको, असं यातून कुणी म्हणू नये. भुकेलं मूल खेळूच शकत नाही. पण पोट भरून मुलाला पुन्हा त्याच कोपऱ्यात गप्प बसवलं, तर अर्धंच काम झालं. आहाराच्या प्रत्येक कार्यक्रमात बोलणं-खेळणं असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी नसतं, कारण त्याची पाकिटं मोजता येत नाहीत.

तुमच्या वर्गाबद्दल. मेंदूची भूक तुमच्या वर्गातल्या मुलांच्या वयात फार मोठी असते. ५ वर्षांच्या आसपास, विश्रांतीत असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या जवळपास दोन तृतीयांश मेंदू घेतो. त्यामुळे शाळेतलं जेवण, रक्ताची तपासणी, जंतनाशक, नजरेची तपासणी, हे सगळं या वयातही उपयोगाचं आहे. वर्गात एका वेळी एकच सूचना द्या, काम लहान तुकड्यांत करा, वाचनाला जोडीदार द्या, आणि जे मूल प्रश्न विचारत नाही त्याला तुम्ही प्रश्न विचारा. कोरियातून अमेरिकन कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या मुलींचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. लहानपणी कुपोषित असलेल्या, ३ वर्षांच्या आत दत्तक गेलेल्या मुलींनी शाळेत सर्वसाधारण पातळी गाठली होती. सुरुवातीपासून पोसलेल्या मुलींपेक्षा त्या थोड्या मागे होत्या, पण त्यांना सोडून द्यावं अशी कुठलीच स्थिती नव्हती.

दोन मुलांची आई

खाऊ घालण्याबद्दलही थोडं लिहा ना. सहा महिन्यांनंतर नक्की किती वेळा? आमच्याकडे तर जबरदस्तीच चालते.

रातपाळी

६ महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं अन्न सुरू आणि अंगावरचं दूध २ वर्षं किंवा पुढेही चालू. ६ ते ८ महिने दिवसातून दोन-तीन वेळा, ९ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, शिवाय मधे एखाद-दुसरा खाऊ. पोटाची पिशवी लहान असते, किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. म्हणून पातळ पेज भरून उपयोग नाही, पोट भरतं आणि ऊर्जा मिळत नाही. चमच्यावरून घरंगळणार नाही इतकं घट्ट हवं, त्यात थोडा स्निग्ध पदार्थ, आणि रोज वेगवेगळ्या गटांतलं काहीतरी: धान्य, डाळी, दूध, अंडी, मांस-मासे, पिवळ्या-केशरी आणि हिरव्या भाज्या, फळं.

जबरदस्ती नको. समोर बसा, नजरेला नजर द्या, बोला, त्याला बोटं बुडवू द्या. तोंड फिरवलं तर थांबा, थोड्या वेळाने पुन्हा. पडद्यासमोर भरवलं की घास जातो, पण मूल स्वतःची भूक ओळखायला शिकत नाही. आणि पाच मिनिटं रिकामी असतील तर त्या भरवण्यातच ओंजळताई म्हणतात ते बोलणं-खेळणंही होऊन जातं.

आकडेमोड

आलेखाचा मुद्दा पटला. घरी उंची मोजायची तर कशी मोजायची? आमच्याकडे दर वेळी वेगळाच आकडा येतो, एकदा तर मूल चक्क दोन सेंटिमीटर कमी झालं!

रातपाळी

२ वर्षांपर्यंत आडवं झोपवून मोजायचं, त्यानंतर उभं करून. आडवं मोजल्यावर माप साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येतं, त्यामुळे एकदा आडवं आणि एकदा उभं मोजलं तर मूल घटल्यासारखं दिसणारच. बाकीचा फरक गुडघे वाकल्यामुळे किंवा डोकं टेकलेलं नसल्यामुळे येतो. दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पावलं काटकोनात ठेवून माप वाचायचं. बूट, जाड कपडे, केसांतल्या क्लिपा काढायच्या. लगेच दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. तारीख लिहा, आडवं की उभं तेही लिहा, आणि लसीकरणाला जाताना ती वही सोबत न्या. तिथे फक्त वजन घेतलं गेलं तर उंचीही घ्या म्हणून सांगा.